घरांतील विजेरी आणि तिची निगा

कंदिलाच्या काळीं दिव्याची निगा हें घरांतलें एक नेमाचें काम होतें. तिसऱ्या प्रहरीं कांच राखेनें पुसावी, वातीची काजळी कातरावी, टाकींत रॉकेल भरावें आणि दिवेलागणीपूर्वीं कंदील ज्याच्या त्याच्या खुंटीवर अडकवावा, हा क्रम कोणास सांगावा लागत नसे. घरांतील एखादी काकू किंवा शाळेंतून आलेला मोठा मुलगा तो बिनबोभाट पार पाडी. ओगलेवाडीच्या 'प्रभाकर' कंदिलानें महाराष्ट्रांतील कितीतरी घरें उजळलीं. पण तो उजेड टिकला तो या रोजच्या निगेनें. कंदिलाची जागा आज पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या विजेरीनें घेतली आहे. बटण दाबतांच लख्ख प्रकाश देणाऱ्या या वस्तूस वात नाहीं, कांच नाहीं, तेल नाहीं. म्हणून तिला निगाहि नको, असा समज घरोघर रूढ झालेला दिसतो. हा समज चुकीचा आहे, आणि प्रसंगीं तो जिवावरहि बेतूं शकतो.

कंदिलाची हयगय झाली तर काळवंडलेली कांच ती लागलीच सांगत असे. विजेरी तसें सांगत नाहीं. ती कपाटावर पूर्वीसारखीच नीटनेटकी बसलेली असते; आणि ज्या रात्रीं तिच्याशीं खरोखर काम पडतें, त्याच रात्रीं क्षणभर मिणमिणून विझते.

अंधार आणि आपण

आम्हां अचलपूरकरांस तरी ही गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. अचलपूर व परतवाडा हीं जोडगांवें सातपुड्याच्या अगदीं पायथ्याशीं वसलेलीं. उत्तरेस मेळघाटचें अरण्य, दक्षिणेस कपाशी-तुरीचीं काळीं शेतें आणि भोंवतीं संत्र्याच्या बागा. जुन्या वस्तींत जाड भिंतींचे वाडे अजून उभे आहेत. त्यांतील ढाळज, माजघर व परसांतील न्हाणीघर यांमधील अंतर दिवसा कांहींच वाटत नाहीं. पण वैशाखांतील वावटळीनें किंवा मृगाच्या पहिल्या पावसानें वीज गेली, म्हणजे घरांतील वृद्धांस तेंच अंतर फार मोठें होतें.

शेती असलेल्या कुटुंबांची गोष्ट याहून कठीण. शेतीपंपांच्या वाहिन्यांस कांहीं दिवस दिवसा आठ तास व कांहीं दिवस रात्रीं दहा तास, असा आळीपाळीचा वीजपुरवठा वर्षानुवर्षें होत आला आहे. शेतीस दिवसा वीज मिळावी म्हणून सौर वाहिन्यांची योजना राज्यानें २०१७ सालीं सुरू केली व तिचा विस्तारहि होत आहे. तरी आंबिया बहाराच्या बागेस थंडीच्या रात्रीं पाणी देण्याची पाळी अनेकांवर आलेली आहे. रानडुकरें व रोही यांपासून हरभरा राखण्यासाठीं जागलीला जाणारे निराळेच. बांधावरून चालणाऱ्या या माणसांच्या पायांपुढें नाग, घोणस, फुरसें किंवा मण्यार केव्हां येईल याचा नेम नसतो. त्यांत मण्यार तर निशाचर. त्याचा दंश कित्येकदां दुखतहि नाहीं, त्यामुळें तो झाल्याचें कळण्यासच उशीर होतो. अशा ठिकाणीं पावलापुढचा दोन हात उजेड हेंच पहिलें संरक्षण होय. दंश झालाच, तर चिरा देणें, विष तोंडानें ओढणें, करकचून दोरी बांधणें यांत वेळ न दवडतां, रुग्णास चालूं न देतां, प्रतिविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयांत त्यास तत्काळ न्यावें. आणि हें करणाऱ्यांच्या हातींहि चालू विजेरीच लागते.

विजेरीच्या पोटांत काय असतें?

नळीच्या आकाराच्या हातविजेरीचें पेटंट डेव्हिड मिसेल यांनीं अमेरिकेंत १८९९ सालीं मिळविलें. तिच्यांतील सेल कोरडे, एकदां संपले कीं फेंकून देण्याचे होते. पुन्हा भरतां येणारा सेल मात्र त्याहून जुना. शिसें व गंधकाम्ल यांचा असा सेल फ्रान्समध्यें गास्तों प्लान्ते यांनीं १८५९ सालीं सिद्ध केला. निकेल व कॅडमियम यांचा सेल स्वीडनमध्यें वाल्डेमार युंगनर यांनीं १८९९ सालीं बनविला. आणि लिथियम-आयन सेल सोनी कंपनीनें १९९१ सालीं बाजारांत आणला. या शेवटच्या सेलामागील संशोधनाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

हा इतिहास सांगण्याचें कारण एवढेंच कीं, या तीन निरनिराळ्या घराण्यांचे सेल आज एकाच दुकानांतून, जवळजवळ सारख्याच दिसणाऱ्या विजेऱ्यांत बसून आपल्या घरीं येतात आणि घरीं त्यांस एकच नियम लावला जातो. बहुतेक विजेऱ्या अकालीं मरतात त्या येथेंच. एका सेलाचें जें पथ्य तेंच दुसऱ्याचें कुपथ्य होय. म्हणून विजेरी घरांत आली कीं पहिलें काम तिची जात ओळखण्याचें.

ओळख कठीण नाहीं. हातास जड लागणारी, प्लास्टिकची, मागील बाजूस भिंतीच्या सॉकेटांत खुपसावयाची पिन असलेली स्वस्त विजेरी बहुधा शिसें-आम्लाची असते; तिच्या पोटांतील चौकोनी बॅटरीवर '४ व्होल्ट' असें छापलेलें आढळतें. रेडिओंत किंवा घड्याळांत घालतों त्या मापाचे, पण '१.२ व्होल्ट' असें लिहिलेले सेल निकेलच्या घराण्यांतले. आणि मोबाईलच्या वायरीनें चार्ज होणारी, हलकी पण प्रखर उजेडाची विजेरी बहुधा लिथियमची. तिच्या सेलावर '३.७ व्होल्ट' असा आंकडा असतो. हा शोध लागला कीं विजेरीच्या अंगावर कागदाची चिठ्ठी चिकटवून तीवर जात व खरेदीचा महिना लिहून ठेवावा.

तीन जाती, तीन स्वभाव

शिसें-आम्लाच्या बॅटरीस उपाशी राहणें सोसत नाहीं. ती रिकामी होत असतां तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचे सूक्ष्म कण जमतात. लगेच चार्ज केली तर ते विरघळून पूर्वस्थितीस येतात. पण तशीच रिकामी पडून राहिली तर त्यांचे कठीण स्फटिक बनतात व ते मग कांहीं केल्या सुटत नाहींत. म्हणून हिला वापरल्यानंतर त्याच दिवशीं चार्ज करावें, मग ती पांचच मिनिटें लागलेली असो. वापर नसला तरी महिना-दीड महिन्यांतून एकदां ती पूर्ण भरावी. 'पुरी संपल्याशिवाय चार्ज करूं नये' हा जो उपदेश आपण चोहोंकडे ऐकतों, तो या बॅटरीस विषासारखा आहे. उलट पक्षीं, ती दोन-दोन दिवस सॉकेटांत अडकवून ठेवणेंहि वाईट. स्वस्त विजेऱ्यांत पुरें भरल्यावर प्रवाह तोडण्याची सोय बहुधा नसते आणि आंतील पाणी वायुरूपानें उडून जातें. वेष्टनावर जितके तास सांगितले असतील तितकेच तास मोजून ठेवावी आणि तीहि मोकळ्या हवेच्या जागीं.

याच जातीच्या विजेऱ्यांविषयीं आणखी एक इशारा देणें अवश्य आहे. अनेक स्वस्त विजेऱ्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो; घरांतील वीज एका लहानशा कपॅसिटरांतून थेट आंतील मंडळांत येते. अशी विजेरी सॉकेटांत असतां पेटवूं नये, ओल्या हातानें धरूं नये, तिचें झांकण उघडूं नये, आणि मुलांच्या हातास लागेल अशा खालच्या सॉकेटांत तर ती मुळींच लावूं नये.

निकेलच्या घराण्याचा स्वभाव मध्यम. जुन्या निकेल-कॅडमियम सेलांस अर्धवट वापराची 'संवय' लागते असें म्हणत. 'पुरें संपवा' हा उपदेश मूळचा तेथला. आतां त्यांची जागा निकेल-मेटल-हायड्राइड सेलांनीं घेतली आहे व त्यांस तें पथ्य फारसें लागत नाहीं. यांचा दोष निराळा : साधे सेल नुसते ठेवले तरी महिन्याभरांत बराच चार्ज गमावून बसतात. सन २००५ नंतर बाजारांत आलेले सावकाश झिजणारे सेल मात्र वर्षभरानंतरहि आपला बहुतेक सांठा राखून असतात. क्वचित् लागणाऱ्या विजेरींत तेच घालावे. एका विजेरींतील दोन किंवा तीन सेल नेहमीं एकत्र विकत घ्यावे, एकत्र चार्ज करावे व एकत्रच बदलावे. नवा व जुना मिसळला तर अशक्त सेल आधीं रिकामा होतो आणि सशक्त सेल त्यांतून उलटा प्रवाह ढकलून त्याचा नाश करितो. एकदांच वापरावयाचा साधा सेल चुकून चार्जरांत घालणें हें धोक्याचें. तो फुटूं शकतो.

लिथियमचा सेल तिघांत गुणी, पण तितकाच नाजूक. त्यास संपूर्ण रिकामा होणेंहि आवडत नाहीं आणि सदैव तुडुंब भरलेला राहणेंहि आवडत नाहीं. विजेरी मंद होऊं लागली कीं चार्ज करावी. दिवस-दोन दिवसांत काम पडणार असेल तर पूर्ण भरावी. आणि महिनोन्‌महिने ठेवून द्यावयाची असेल तर निम्मी भरून ठेवावी. असा सेल तीनशें ते पांचशें वेळां पूर्ण भरून रिकामा केला कीं त्याची शक्ति लक्षांत येण्याइतकी घटते. अर्धवट वापरावर भरीत गेल्यास तो त्याहून पुष्कळ अधिक टिकतो. म्हणजे शिसें-आम्लाची विजेरी कपाटांत भरलेली असावी, तर लिथियमची अर्धी. हा एक भेद घरांत सर्वांस पाठ झाला तरी या लेखाचें निम्में काम झालें असें आम्ही समजूं.

सुट्या लिथियम सेलांविषयीं आणखी दोन शब्द. '१८६५०' या मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा सेल हा यांत सर्वांत परिचित. चांगल्या सेलाची क्षमता साधारणतः २००० ते ३५०० मिलिअँपिअर-तास असते. याच मापाच्या सेलावर ९९०० चा आंकडा छापलेला आढळला तर तो घेऊं नये. असल्या मोठ्या आंकड्यावर कांहीं लोक भुलतात. असा सेल किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर खिशांत टाकूं नये. दोन्ही टोकें धातूनें जोडलीं गेलीं तर तो क्षणांत तापून पेट घेऊं शकतो.

वऱ्हाडचा उन्हाळा

वरील तिन्ही जातींचा समान शत्रु एकच, तो म्हणजे उष्णता; आणि ती तर आपल्या प्रांतांत उदंड. वैशाखांत अमरावती-अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास फिरतो. पत्र्याच्या छपराखालीं किंवा पश्चिमेच्या खिडकींत तो त्याहूनहि वर असतो. शिसें-आम्लाच्या बॅटरीविषयीं सर्वमान्य अनुमान असें आहे कीं, २५ अंशांपुढें उष्णतामान दर दहा अंशांनीं वाढलें कीं तिचें आयुष्य सुमारें निम्म्यावर येतें. लिथियमविषयीं आंकडे याहून बोलके आहेत. ४० अंश उष्णतेंत वर्षभर पूर्ण भरून ठेवलेल्या सेलांत मूळ क्षमतेच्या सुमारें ६५ टक्केच शिल्लक राहते. तोच सेल ४० टक्के भरून ठेवला तर सुमारें ८५ टक्के राहते. म्हणजे त्याच घरांत, त्याच कपाटांत, केवळ ठेवण्याच्या रीतीनें एवढा फरक पडतो.

उपाय आपल्या पूर्वजांनींच बांधून ठेवला आहे. जुन्या वाड्यांतील माजघर हें भर दुपारीं घरांतलें सर्वांत थंड ठिकाण. विजेरीची जागा तेथील कोनाड्यांत असावी. स्वयंपाकघरांतील चुलीजवळचा ओटा, टेलिव्हिजनचा माथा, पत्र्याची माळवद-खोली या जागा वर्ज्य समजाव्या. चिखलदऱ्यास सहलीला नेलेली विजेरी परत आल्यावर मोटारींतच विसरूं नये. उन्हांत उभ्या असलेल्या बंद मोटारीचा अंतर्भाग ६० अंशांपर्यंतहि तापतो. चार्ज करण्याचें कामहि दुपारीं न करितां पहांटे किंवा रात्रीं थंड वेळीं करावें, आणि चार्ज होणारी विजेरी गादीवर किंवा उशीखालीं कधींहि ठेवूं नये. शीतकपाटांत ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. बाहेर काढतांच तिच्यावर दंव सांचतें.

पावसाळा आणि उजेडाची काटकसर

श्रावणांतील ओलाव्यानें सेलांचीं टोकें व स्प्रिंगा यांवर हिरवट-पांढरा थर येतो आणि सेल उत्तम असूनहि दिवा लागत नाहीं. तो थर कोरड्या जाड कापडानें घांसून काढावा. सेलांतील क्षार बाहेर येऊन वाळलेला असेल तर कापसाच्या बोळ्यानें लिंबाच्या रसाचा एखादा थेंब लावून पुसावा. शिसें-आम्लाच्या बॅटरींतून आम्ल पाझरलें असेल तर मात्र लिंबू चालणार नाहीं, तेथें पाण्यांत कालवलेला खाण्याचा सोडा वापरावा. दोन्ही वेळां आधीं सेल काढून घ्यावे, हातांत रबरी मोजे असावे, डोळे जपावे आणि भाग पूर्ण वाळल्यावरच सेल पुन्हा बसवावे. झांकणाच्या आंतील रबरी कडी जागेवर आहे कीं नाहीं तें पहावें. पाणी आंत शिरतें तें तेथूनच.

उजेडाचीहि काटकसर असते. आजच्या बहुतेक विजेऱ्यांस मंद, मध्यम व प्रखर अशा पायऱ्या असतात आणि मुलें स्वाभाविकपणें प्रखरच लावतात. परंतु डोळ्यास निम्मा उजेड निम्मा वाटत नाहीं. तो त्याहून अधिकच भासतो. अंधारास सरावलेल्या डोळ्यांस मंद पायरीवर वाट स्वच्छ दिसते आणि सेल कित्येक पटींनीं अधिक तास चालतो. प्रखर पायरी दूरवर कांहीं हाललें तें पाहण्यापुरती राखावी. प्रकाश झाडांच्या शेंड्यांवर न फिरवितां पावलांपुढें धरावा, हें मुलांस आवर्जून शिकवावें.

सर्वांची वस्तु कोणाची?

येथवर सांगितलेले नियम कठीण नाहींत. कठीण आहे तें नेमस्तपण. आणि एकत्र कुटुंबांत तर अधिकच. जी वस्तु सर्वांची ती कोणाचीच नाहीं, अशी तिची अवस्था होते. आजोबा पहांटे परसांत जातांना विजेरी घेतात, धाकटे दीर ती शेतावर नेतात, मुलें ती गादीखालीं खेळण्यास घेतात, आणि प्रत्येकास वाटतें कीं चार्ज दुसऱ्यानें केली असेल. सुनबाईंच्या माथीं आधींच शंभर कामें असतां हेंहि एक न सांगतां येऊन पडतें, आणि दिवा न लागल्याचा बोल मात्र त्यांनाच ऐकावा लागतो. हें न्यायाचें नव्हे.

आमची सूचना अशी आहे. घरांत दोन विजेऱ्या असाव्या : एक रोजच्या वापराची व एक केवळ अडीअडचणीची. पहिली ज्यानें नेली त्यानेंच परत कोनाड्यांत ठेवावी व चार्जिंगला लावावी. दुसरीस कोणीं हात लावूं नये. तिचें पालकत्व घरांतील दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे किंवा मुलीकडे नांवानिशीं द्यावें. दर अमावास्येस त्यानें ती दहा मिनिटें लावून पहावी, जातीप्रमाणें पूर्ण वा निम्मी भरावी व कॅलेंडरावर त्या तारखेपुढें खूण करावी. अडचणीची विजेरी लिथियमची असल्यास मृगाच्या सुमारास मात्र ती पूर्ण भरून घ्यावी; त्या पंधरवड्यांत तिचें काम पडेल हें जवळजवळ ठरलेलेंच. जबाबदारी सोंपविलेलें मूल ती वडीलधाऱ्यांहून चोख पाळतें, हा घरोघरचा अनुभव आहे.

याला एक सुंदर आधार आपल्या रिवाजांतच आहे. आषाढी अमावास्येस आपण घरांतील समया, निरांजनें, लामणदिवे घांसूनपुसून पाटावर मांडतों व त्यांची पूजा करितों. पावसाळी अंधाराच्या ऐन तोंडावर घरांतील प्रत्येक दिवा एकदां हातांखालून जावा, ही त्या पूजेमागील व्यवहाराची बाजू आमच्या मतें स्पष्ट आहे. त्या पाटाच्या कडेस विजेऱ्याहि मांडाव्या. त्यांस हळदकुंकू वाहिलें नाहीं तरी चालेल. पण त्या दिवशीं त्यांचें झांकण उघडून आंत पाहिलें जावें.

बॅटरीचा शेवट

एवढें करूनहि प्रत्येक बॅटरीस अंत आहेच. रात्रभर चार्ज करून विजेरी दहा मिनिटांत मंद होऊं लागली, किंवा सेल फुगलेला, तडकलेला, अवाजवी तापणारा आढळला, तर ममता सोडून द्यावी. फुगलेली लिथियमची बॅटरी दाबूं नये, टोंचूं नये, पुन्हा चार्ज करूं नये. मातीच्या किंवा धातूच्या भांड्यांत कोरड्या वाळूवर घराबाहेर ठेवावी आणि लवकरांत लवकर संग्रह करणाऱ्या दुकानीं पोंचवावी. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकणें, जाळणें किंवा शिशासाठीं फोडणें यांसारखें अविचाराचें कृत्य दुसरें नाहीं. शिसें हें लहान मुलांच्या मेंदूस घातक असें विष आहे. तें मातींत उतरतें, धुरांतून श्वासांत जातें. केंद्र सरकारनें २०२२ सालीं केलेल्या बॅटरी-कचरा व्यवस्थापनाच्या नियमांनीं वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांतील धातु पुन्हा उपयोगांत आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु आपण ती दुकानापर्यंत नेलीच नाहीं तर नियम काय करणार? नवी विजेरी घेण्यास जातांना जुनी बरोबर न्यावी, इतकें सोपें हें कर्तव्य आहे.

नव्या वस्तूंबरोबर नवीं कर्तव्यें येतात, आणि त्यांचा भार फार नसतो. कंदिलास रोज पाव तास लागे. विजेरी महिन्यांतून तितकाच वेळ मागते. तेवढा वेळ घरांतील कोणीतरी एकानें नेमानें दिला, तर मध्यरात्रीं मोटार चालू करण्यास निघालेला भाऊ, परसांत उतरणारे आजोबा आणि आजारी मुलास घेऊन दवाखान्याकडे धांवणारी आई यांपैकीं कोणाच्याहि हातांतील बटण फुकट दाबलें जाणार नाहीं.